टाळणे वेगळे, गरज न उरणे वेगळे : देवीच्या व्रणापासून बीपीच्या गोळीपर्यंत

तुमच्या घरात १९७० च्या आधी जन्मलेले कोणी असेल तर त्यांचा हात एकदा नीट पाहा. दंडावर किंवा कोपराच्या खाली नाण्याएवढा एक गोल, सुरकुतलेला व्रण दिसेल. कुणाकुणाच्या हातावर दोन. तो देवीच्या लसीचा. आता घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा हात पाहा. त्याच्या डाव्या दंडावर वरच्या बाजूला एक बारीक व्रण असेल, पण तो बीसीजीचा, म्हणजे क्षयरोगाच्या लसीचा. देवीचा मोठा व्रण त्याच्याकडे नाही. का नाही? ती लस द्यायची राहून गेली म्हणून नाही. ती देण्याची गरजच उरली नाही म्हणून.

आजार टाळणे आणि आजार टाळण्याची गरजच न उरणे, या दोन गोष्टी ऐकायला सारख्या वाटतात. पण दवाखान्यात रोज होणारे कितीतरी घोटाळे या दोघांच्या सरमिसळीतून होतात. "बीपी आता नॉर्मल आलंय, मग गोळी बंद केली तर चालेल ना?", "घटसर्प तर गावात कुणाला होत नाही, मग लस कशाला?", "कुत्रं चावून दोन दिवस झाले, आता इंजेक्शनचा काय उपयोग?" हे प्रश्न वरवर वेगळे आहेत, पण त्यांचे मूळ एकच आहे.

मराठीत आपण या सगळ्यासाठी एकच भारदस्त शब्द वापरतो : प्रतिबंध. रोगप्रतिबंध, प्रतिबंधक लस, प्रतिबंधक उपाय. हाच शब्द पोलीसही वापरतात : प्रतिबंधात्मक कारवाई. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात बंदी, मनाई, सक्ती असेच काहीतरी उभे राहते. इंग्रजीत याच कामासाठी पाच-सहा निरनिराळे शब्द आहेत. तुमच्या रिपोर्टवर, औषधाच्या डबीतल्या कागदावर किंवा मुलांनी मोबाईलवर शोधून दाखवलेल्या माहितीत ते भेटतात. प्रत्येक शब्द वेगळी गोष्ट सांगतो. ती गोष्ट समजली तर आपली गोळी, आपले इंजेक्शन नेमके काय करते हेही समजते. म्हणून आज थोडा शब्दांचा इतिहास आणि थोडा आपल्या महाराष्ट्राचा.

एका कामाचे अनेक शब्द

पहिला शब्द सगळ्यांच्या ओळखीचा : प्रिव्हेंट. मूळ लॅटिन अर्थ 'आधी येणे'. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत कुणाच्या पुढे चालणे यालाही हाच शब्द चाले. संकट येण्याआधी आपण तिथे पोचलेले असणे, हा त्याचा गाभा. बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची इंजेक्शने वेळेवर देतात ते याचसाठी. रोगजंतू यायच्या आधी शरीर तयार असते.

दुसरा : अव्हर्ट. अर्थ 'तोंड दुसरीकडे वळवणे'. अंगावर येणारा बैल ऐन वेळी बाजूला वळवावा तसे. लसीकरणाच्या अहवालांत 'इतके मृत्यू टळले' असे लिहितात, तिथे इंग्रजीत हा शब्द असतो. संकट होते, निघालेले होते, फक्त आपल्यावर आले नाही.

तिसरा : फोरस्टॉल. हा आपल्या शिरूर-आंबेगावकडच्या शेतकऱ्याला चटकन कळेल. मंचरच्या बाजारात कांदा पोचण्याआधीच एखाद्या व्यापाऱ्याने वाटेत गाडी अडवून माल उचलावा आणि मग भाव चढवून विकावा, या प्रकाराला जुन्या इंग्लंडात फोरस्टॉल म्हणत आणि तो गुन्हा मानला जाई. पुढे त्याचा अर्थ झाला, समोरचा पोचण्याआधी वाटेतच त्याला गाठणे.

चौथा : प्रिक्लूड. अर्थ 'दारच लावून घेणे', म्हणजे शक्यताच संपवणे. ज्याचे अपेंडिक्स काढले आहे त्याला पुन्हा अपेंडिक्सचा दाह होत नाही, कारण तो व्हायला जागाच राहिलेली नाही.

पाचवा ग्रीक भाषेतला : प्रोफायलॅक्सिस. अर्थ 'आधीपासूनचा पहारा'. लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब झालेल्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. त्या इंजेक्शनाने झडप दुरुस्त होत नाही. घशात नवा जंतुसंसर्ग होऊन झडप आणखी खराब होऊ नये म्हणून तो पहारा असतो. पहारेकरी एक महिना रजेवर गेला तर चोर नेमका त्याच महिन्यात येऊ शकतो.

आणि सहावा, या लेखाचा खरा नायक : ऑब्व्हिएट. लॅटिनमध्ये 'विया' म्हणजे वाट. वाटेत सामोरे जाऊन अडचण दूर करणे हा मूळ अर्थ. आज त्याचा अर्थ होतो, एखाद्या गोष्टीची गरजच उरू न देणे. वेळेवर प्लास्टर घातल्याने ऑपरेशनची गरज उरली नाही, तर तिथे हा शब्द येतो. देवीचा व्रण तुमच्या मुलाच्या हातावर नाही, तो याच शब्दामुळे.

देवी आल्या, देवी टोचल्या

आमच्या कवठे येमाईच्या नावातच देवी आहे. येमाईचा आणि त्या आजाराचा काही संबंध नाही, पण हे लक्षात घ्या की मराठी माणसाने एका भयंकर रोगाला थेट 'देवी' हेच नाव दिले होते. माणूस आजारी पडला असे म्हणत नसत. त्याला 'देवी आल्या' असे म्हणत. अंगभर पूने भरलेले फोड, तीव्र ताप, वाचलाच तर चेहऱ्यावर कायमचे खड्डे आणि अनेकांना अंधत्व. मोठ्या साथीत दहा रुग्णांपैकी तीनजण दगावत. ज्याच्यावर औषध नाही त्याच्यापुढे हात जोडावेत, एवढेच लोकांच्या हाती होते. उंबऱ्यावर कडुलिंबाचे डहाळे लावायचे, घरात गडबड करायची नाही, देवी आपणहून परत जाईल याची वाट पाहायची.

१४ मे १७९६ रोजी इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर या खेडेगावातल्या डॉक्टरने एका गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव आठ वर्षांच्या मुलाच्या हातात टोचला. तो फोड गाईंना होणाऱ्या सौम्य देवीचा होता. पुढे त्या मुलाला खऱ्या देवीचा द्रव टोचला, तरी देवी आल्या नाहीत. लॅटिनमध्ये गाय म्हणजे 'वाका', त्यावरून इंग्रजीत व्हॅक्सिन हा शब्द आला. १८८१ मध्ये लुई पाश्चर यांनी जेन्नरच्या सन्मानार्थ सुचवले की अशा सगळ्याच औषधांना हेच नाव द्यावे. म्हणून आज कोरोनाच्या लसीतही नावापुरती गाय आहे.

मराठीने मात्र गाय घेतली नाही. खरचटलेल्या जागेतून जो पातळ चिकट द्रव येतो त्याला आपण लस म्हणतो, आणि तोच शब्द या औषधाला लागला. कारण सुरुवातीला लस म्हणजे खरोखरच हाताच्या फोडातून आलेला तो द्रव होता. आणि देण्याची क्रिया दिसते तशी : टोचणे. देवी टोचणारा सरकारी माणूस गावात आला की त्याला 'देवी डॉक्टर' म्हणत. सांगायचा मुद्दा असा की आपल्या लोकांचे जुने शब्द डोळ्यांना दिसेल ते सांगणारे होते. 'प्रतिबंध' हा शब्द मागाहून आला, आणि तो काय करतो हे डोळ्यांना दिसत नाही.

ही लस भारतात आली ती मुंबईत. त्या वेळी बर्फाची पेटी नव्हती. व्हिएन्नाहून बगदाद, बसऱ्याच्या मार्गाने ती आली, आणि शेवटचा प्रवास माणसांच्या हातांवरून झाला. एकाच्या हातावरच्या फोडातला द्रव दुसऱ्याला टोचायचा, आठवड्याने त्याच्या फोडातला तिसऱ्याला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत डॉ. हेलेनस स्कॉट यांनी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली. भारतात देवीची लस घेतलेली ती पहिली व्यक्ती मानली जाते. तिच्या हातावरच्या फोडातून पुढच्या मुलांना, आणि तिथून देशाच्या इतर भागांत लस गेली. एका पोरीच्या हातावर एवढी मोठी साखळी उभी राहिली.

पण लस आली म्हणून देवी गेली नाही. मधे किती वर्षे गेली पाहा. १८८० मध्ये सरकारने शहरांत आणि लष्करी छावण्यांत लस सक्तीची करण्याचा कायदा केला. तरी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत देवीच्या साथी येतच राहिल्या. टोचलेला माणूस वाचत होता, न टोचलेल्याकडे देवी जात होती. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षे आपण देवी फक्त टाळत होतो.

प्लेग : दार लावले, पण उंदीर आतच

मधल्या काळात महाराष्ट्राने प्रतिबंधाचा दुसरा चेहरा पाहिला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. काही महिन्यांत प्लेग पुण्यात आला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. हाच कायदा मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी महाराष्ट्रात पुन्हा वापरला गेला.

पुण्यात प्लेग कमिटीचा अधिकारी रँड याने गोऱ्या सैनिकांकडून घरांची झडती सुरू केली. घरात शिरायचे, देवघरापर्यंत जायचे, बायकामाणसांची तपासणी करायची, रुग्णाला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत हलवायचे, सामान जाळायचे. लोक इतके धास्तावले की रुग्ण लपवू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडला गोळी घातली, हा इतिहास तुम्ही शाळेत शिकला आहात. त्याच साथीत हडपसरजवळ डॉ. यशवंत फुले यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला, आणि तिथे रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई प्लेगनेच गेल्या.

डॉक्टर म्हणून मला या इतिहासात आणखी एक गोष्ट दिसते. एवढी सक्ती करूनही प्लेग का थांबला नाही? कारण तो कसा पसरतो हेच तेव्हा नीट माहीत नव्हते. उंदरावरच्या पिसवा तो पसरवतात हे पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवले ते १८९८ मध्ये. तोवर माणसे हलवली जात होती, भिंतींवर कार्बोलिक मारले जात होते, आणि उंदीर या घरातून त्या घरात जात होते. दार लावले होते, पण चोर भिंतीतल्या बिळात होता. जिथे रोगाची वाट माहीत नसते तिथे दार लावण्याचा नुसता आव असतो.

गावाकडच्या लोकांनी मात्र पाहून पाहून एक गोष्ट ओळखली होती. घरात उंदीर पडू लागले, म्हणजे मरून पडू लागले, की गाव सोडायचे. रानात, माळावर झोपड्या घालून महिना-दोन महिने राहायचे आणि साथ ओसरली की परत यायचे. पिसवा, जंतू हे शब्द त्यांना माहीत नव्हते. पण उंदीर आणि माणूस यांच्यात अंतर पडत होते, आणि तेच हवे होते. प्लेगच्या काळात जे उपाय खरोखर उपयोगी पडले त्यांत हा वरच्या क्रमांकाचा होता. कुणाला हुसकावण्यापेक्षा आपण त्याच्या वाटेतून बाजूला होणे, हेही टाळणेच.

आणि याच साथीत मुंबईत तिसरी गोष्ट घडली. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात थोड्या जागेत काम करून प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या तयार झालेल्या कैद्यांना दिली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात.

या लसीच्या वाट्यालाही वाईट दिवस आले. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात एका बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मेले. ठपका हाफकिन यांच्यावर आला. पुढे १९०७ मध्ये त्यांच्यावरचा डाग पुसला गेला. लस दूषित झाली ती प्रयोगशाळेत झाली नव्हती, बाटली गावात उघडताना झाली असावी, असे मानले गेले. त्या १९ घरांना मात्र त्या निर्णयाने काही परत मिळाले नाही. इंजेक्शन देताना आजही नवी सुई, नवी सिरिंज, बाटलीवरची तारीख याबद्दल आम्ही जी कटकट करतो, तिच्यामागे असा इतिहास आहे. तुम्हीही ती कटकट करा. सुई पाकिटातून तुमच्यासमोर काढायला सांगणे हा उद्धटपणा नाही.

चावल्यानंतरची धाव

फोरस्टॉल, म्हणजे वाटेतच गाठणे, याचे सगळ्यात चोख उदाहरण म्हणजे रेबीजची लस. इतर लसी आजाराच्या आधी देतात. ही बहुतेकांना चावल्यानंतर दिली जाते, तरी ती वाचवते. कशी? कुत्र्याच्या लाळेतला विषाणू जखमेतून नसेत शिरतो आणि नसेतून हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुतेक वेळा काही आठवडे किंवा महिने लागतात. तेवढ्या काळात लस शरीराला तयार करते आणि विषाणूला मेंदूपर्यंत पोचू देत नाही. ६ जुलै १८८५ रोजी पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलावर हा उपाय पहिल्यांदा केला आणि तो वाचला.

ही शर्यत आहे, म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची काही भरू नका. दोन, दोन दिवस उशीर झाला म्हणून "आता काय उपयोग" असे म्हणू नका. उशीर झाला असेल तर अधिक घाईने या. जखम खोल असेल किंवा रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावे लागते. बिबट्या, मांजर, माकड चावले तरी हाच नियम. विषाणू एकदा मेंदूत पोचला, पाण्याची भीती सुरू झाली, की मग जवळजवळ कुणी वाचत नाही. जुन्या लोकांना आठवणारी पोटातली चौदा इंजेक्शने आता नाहीत. ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आताची इंजेक्शने हातावर देतात.

आणि मग गरजच उरली नाही

आता पुन्हा देवीकडे. १९६२ मध्ये भारताने देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. आधी वाटले, सगळ्यांना टोचले की झाले. पण एवढ्या मोठ्या देशात शेवटचा माणूस टोचायचा राहतोच, आणि देवी नेमकी त्यालाच गाठते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेबरोबर पद्धत बदलली. घरोघर जाऊन, देवी झालेल्या मुलाचे चित्र दाखवून विचारायचे, "असा रुग्ण पाहिलात का?" रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीस. एक रुग्ण सापडला की त्याच्या घराभोवतीच्या सगळ्यांना टोचायचे, म्हणजे त्या रुग्णाकडून देवीला पुढे जायला माणूसच मिळत नाही. मे १९७५ मध्ये देशातला शेवटचा स्थानिक रुग्ण सापडला. एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली.

मग लस थांबवली. हा क्षण नीट समजून घ्या. लस थांबवली म्हणून देवी गेली असे नाही, आणि देवी कमी दिसू लागली म्हणून लस थांबवली असेही नाही. आपल्याकडे देशभर शोधून, एकही रुग्ण नाही याची खात्री करून मगच थांबवली.

हे देवीच्या बाबतीत जमले, त्याला कारणे होती. देवीचा विषाणू फक्त माणसात राहत होता, एखाद्या जनावरात किंवा मातीत लपत नव्हता. रोग चेहऱ्यावर उघड दिसत होता. एकदा होऊन गेला की सहसा पुन्हा होत नव्हता. आणि लस कोरडी केली तर उन्हातान्हातही टिकत होती. माणसाच्या आजारांपैकी जगातून पूर्ण नाहीसा झालेला हा आजवरचा एकच.

दुसरे उदाहरण आपल्या भागातल्या वयस्कर मंडळींना आठवेल : नारू. पायातून दोन-अडीच फूट लांबीचा दोऱ्यासारखा किडा हळूहळू बाहेर यायचा आणि तो काडीला गुंडाळत बसायचे. महाराष्ट्रातही तो होता. जिथे पायऱ्यांच्या विहिरीत उतरून लोक पाणी भरत, तिथे रुग्णाच्या पायातून अळ्या पाण्यात पडत आणि ते पाणी पिणाऱ्याला वर्षभराने नारू होई. नारूवर लस नव्हती, किडा मारणारे औषधही नव्हते. पाणी दुहेरी फडक्याने गाळणे, रुग्णाला विहिरीत उतरू न देणे, पायऱ्यांच्या विहिरींऐवजी हातपंप देणे, एवढ्यावर तो संपला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये, आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त. एका फडक्याने औषधाची गरजच उरू दिली नाही.

जिथे गरज संपत नाही

आता तुमच्या मूळ प्रश्नांकडे येतो. "हा आजार तर दिसत नाही, मग लस कशाला?"

धनुर्वात घ्या. त्याचे जंतू मातीत आणि शेणात राहतात, वर्षानुवर्षे जिवंत राहतात. जगातल्या प्रत्येक माणसाला टोचले तरी माती तीच राहणार. म्हणजे धनुर्वाताच्या लसीची गरज कधीच संपणार नाही. ज्याच्या हातात खुरपे आणि पायाखाली शेत आहे त्याने तर हे विसरूच नये. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी शाळेत मिळणारी टीडी लस म्हणूनच चुकवू नका.

गोवर आणि घटसर्प मुख्यतः माणसातच राहतात, पण अजून जगातून गेलेले नाहीत. ते दिसत नाहीत याचे कारण पहारा चालू आहे. गोवर इतका झपाट्याने पसरतो की गावातली थोडी मुले लसीविना राहिली तरी त्याला वाट मिळते. इथे टाळणे चालू आहे. गरज न उरण्याच्या टप्प्यावर आपण पोचलेलो नाही.

आणि बीपीची गोळी? ती रक्तदाब बरा करून निघून जात नाही. ती घेतलेली असते तोवर दाब ताब्यात राहतो आणि अर्धांगवायू, हृदयविकार, किडनीचे नुकसान यांचा धोका कमी होतो. मापन नॉर्मल आले ते गोळीमुळे आले. मापन चांगले आले म्हणून गोळी सोडणे म्हणजे उंदीर दिसत नाहीत म्हणून मांजर हाकलणे. काही जणांचे वजन कमी झाले, मीठ कमी झाले, चालणे वाढले, तर गोळी कमी करता येते, क्वचित बंदही होते. ते खरे 'गरज न उरणे'. पण ते मापने लिहून, डॉक्टरांबरोबर, हळूहळू ठरवायचे असते.

टाळण्याची एक अडचण कायमची आहे. जे झाले नाही ते दिसत नाही. ज्याला अर्धांगवायू झाला नाही त्याला कळत नाही की तो गोळीमुळे झाला नाही. बरे झालेला रुग्ण डॉक्टरला पेढे देतो. आजारीच न पडलेला कुणाला पेढे देणार? म्हणून टाळण्याची किंमत आपण नेहमी कमी करतो, आणि साथ आली की पुन्हा धावतो.

डॉक्टरांना विचारा

पुढच्या वेळी कोणी 'प्रतिबंधक' औषध, लस किंवा उपाय सांगितला, तर हे चार प्रश्न विचारा.

१. याने आजार होणारच नाही, की होण्याची शक्यता कमी होईल, की झाला तर सौम्य होईल?

२. हे एकदाच घ्यायचे, ठराविक काळ घ्यायचे, की कायम?

३. मधे खंड पडला तर काय होईल, आणि पडला तर मी लगेच काय करायचे?

४. याची गरज संपली हे कशावरून कळेल, आणि ते कोण ठरवणार?

हे प्रश्न विचारल्याने कोणताही चांगला डॉक्टर रागावणार नाही. चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. देवीची लस थांबवण्याआधी आपल्या देशाने हाच प्रश्न विचारला होता, आणि उत्तराची खात्री होईपर्यंत लस चालू ठेवली होती. तुमच्या गोळीबाबतही तेच करा. बरे वाटते म्हणून परस्पर काही बंद करू नका. आधी विचारा, मग ठरवू.